नाल्यात रुतलेला टँकर

प्रदूषण नियंत्रणाच्या सरकारी नोकरीत माझं निम्मं आयुष्य घाण पाण्याच्या बाटल्या भरण्यात गेलं. नातेवाइकांना मी ‘मोठ्या ऑफिसात’ आहे असं सांगितलं जायचं, पण मी गमबूट घालून नाल्यात उतरते हे सासरी बरीच वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा शहागंजात भांड्यांना मुलामा देणाऱ्याच्या दुकानामागं मी वाकून बाटली भरत होते आणि वर पाहते तर माझी चुलत नणंद साडीचं पाकीट छातीशी धरून उभी. तिनं ओळख दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी घरी फोन आला, वहिनींची तब्येत बरी आहे ना म्हणून.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एका कारखानदारानं त्याच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी किती शुद्ध आहे हे दाखवायला माझ्यासमोर पेलाभर पिऊन दाखवलं. मी नको नको म्हणत होते. पुढचे दोन दिवस ते दवाखान्यात होते आणि त्यांचा मॅनेजर मला फोन करून विचारत होता की पाण्यात नेमकं काय होतं ते डॉक्टरांना सांगाल का. पडेगावचे एक निवृत्त मास्तर दर सोमवारी शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या धुळीची तक्रार घेऊन यायचे. गिरणी बंद पडल्यावरही यायचे. चहा प्यायचे, दुसऱ्या एखाद्या गिरणीची चौकशी करायचे आणि जायचे.

ह्या गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात, लोक हसतात. पण संपादकांनी ‘नोकरीतला एखादा अनुभव’ लिहा म्हटल्यावर मला रावसाहेब आठवले. तो अनुभव हसण्यासारखा नाही.

आधी आमचं काम काय ते सांगते. कारखान्यातून निघणारी सगळीच घाण सारखी नसते. काही नुसती घाण असते, काही विषारी असते. विषारी घाण कुठंही टाकायची नाही, सरकारनं परवानगी दिलेल्या जागीच पाठवायची, आणि ज्यानं ती केली त्यानंच तिचा खर्च सोसायचा, असं आपल्याकडचं धोरण आहे. कागदावर ते चांगलंच आहे. पण तशी जागा लांब असते, तिथं वजनावर पैसे घेतात, आणि वाटेत नाले फुकट असतात. आमचं सगळं काम ह्या तीन गोष्टींच्या मध्ये कुठंतरी उभं राहून करायचं.

नमुन्याचंही तसंच. साधा नमुना मी कधीही घेऊ शकते, तो प्रयोगशाळेत जातो, अहवाल येतो. पण खटला चालवायचा असेल तर नमुना कायदेशीर लागतो. बाटल्या जागेवर भरायच्या, तिथंच लाख लावून सील करायच्या, आणि हे सगळं ज्यांच्या डोळ्यांसमोर झालं त्या दोन माणसांनी, म्हणजे पंचांनी, सही करायची. पंच आसपासचे हवेत. आणि ते मिळत नाहीत. ओरडायला गाव जमतं, पण पेन पुढं केलं की कुणाला तरी शेतात काम निघतं, कुणाचं तरी पोर शाळेतून यायचं असतं.

शेंद्र्याकडं कारखाने उभे राहू लागले त्या काळातली ही गोष्ट. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. करमाडच्या पुढं जालना रोड सोडून आत एक गाव आहे, त्याचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. थंडीचे दिवस होते, सकाळी ऑफिस उघडता उघडताच फोन वाजला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, “मॅडम, नाल्याला पिवळं पानी आलंय, म्हैस मेली. टँकर धरलाय आमी. लवकर या, नायतर पोरं पेटवायलीत त्याला.”

आमच्या जीपचे चालक रहीमभाई. त्यांनी गाडी अशी हाकली की जालना रोडवर मी दोनदा डोळे मिटून घेतले.

गावाबाहेर नाल्याच्या काठाला टँकर मागच्या चाकांवर काळ्या मातीत पार खाली बसला होता. पहाटे कुणी नसताना नाल्यात माल सोडायचा आणि निघून जायचं, असा बेत असणार. घाईत चाक काठावरून घसरलं, आणि त्या झटक्यात मागचा वॉल्व्ह तुटला. आता तो बंदच होत नव्हता. मनगटाएवढी धार नाल्यात पडत होती आणि जिथं पडत होती तिथून वाफ निघत होती. काठचं गवत पांढरं पडलं होतं. खाली नाल्याच्या वळणावर मरून पडलेली म्हैस होती, आणि तिच्याजवळ डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला साठीचा एक माणूस एकटाच उकिडवा बसला होता.

बाकीचं गाव टँकरभोवती. शंभरेक माणूस असेल. टँकरच्या ड्रायव्हरला चांगला चोपून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडला होता. एका तरुणाच्या हातात रॉकेलचा डबा होता.

रहीमभाईंनी इंजिन बंद केलं नाही. हळूच म्हणाले, “मॅडम, आप गाडी में बैठो. मै बात करतूं.”

“नक्को,” मी म्हटलं. मीही त्यांच्याच शहरात वाढलेली.

उतरले. डबेवाला तरुण म्हणाला, “आल्या सरकारवाल्या. आता कागद करतील आन् जातील. बाजूला व्हा मॅडम.”

“होते बाजूला,” मी म्हटलं. “पण वारा कुणीकडं चाललाय ते सांगा आधी.”

त्याला प्रश्न कळला नाही. मी पिशवीतून कागदाची पिवळी पट्टी काढली. पाण्यात बुडवली की रंग बदलते, पाणी किती आंबट आहे ते सांगते. काठाला वाकून नाल्यात बुडवली. पट्टी क्षणात लालभडक झाली. ती त्याच्यासमोर धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “हे तेजाब आहे, ॲसिड. कारखान्यात लोखंड साफ करायला वापरतात, ते वापरून झालेलं. टँकर पेटला की ह्याची वाफ होईल. वारा शाळेकडं चाललाय. शाळा भरली आहे का?”

मागून एक बाई म्हणाली, “भरली हाय की.”

“मग पेटवायचा असेल तर आधी पोरं बाहेर काढा. आणि ह्याच्यावर पाणीबिणी ओतू नका, अंगावर उडेल. मला माती पाहिजे. हे पाणी पुढं जाऊ द्यायचं नाही. पुढं काय आहे?”

“पुढं विहिरी हायेत आमच्या,” म्हशीजवळ बसलेला माणूस उठून उभा राहिला होता. “त्याच्या पुढं पाझर तलाव.” मग तो डबेवाल्या तरुणाकडं वळला. “डबा ठेव खाली. तुझा ट्रॅक्टर आन. मागं फळी लावून आन.”

ते रावसाहेब. पुढं कळलं की गावात त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांची जमीन नाल्याकाठची, विहीर नाल्याला सगळ्यात जवळची, आणि म्हैस त्यांचीच. तरुणानं डबा खाली ठेवला आणि ट्रॅक्टर आणायला गेला.

शाळा सोडली. दोन ट्रॅक्टर आले. नाल्यात टँकरच्या खाली मातीचा बांध घालायला घेतला. माती कमी पडायची, पिवळं पाणी कडेनं वाट काढायचं, मग पुन्हा फळी लावायची. माणसं फावडी घेऊन उतरायला लागली, त्यांना मी ओरडून वर काढत होते. एकाच्या पायाला चटका बसलाच. चुना हवा होता, चुन्यानं तेजाबाची धार मरते, म्हणून रहीमभाईंना जीप घेऊन करमाडला पाठवलं. जाताना ते तीनदा वळून पाहत होते. त्या मधल्या वेळात तिथं सरकारचं म्हणून मी एकटी आणि मोटारसायकलवर आलेले एक हवालदार, एवढेच होतो. वाऱ्यानं दिशा बदलली की आम्ही सगळे ह्या काठावरून त्या काठावर पळायचो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घसा जळत होता. गर्दी मात्र आता टँकरकडं पाहत नव्हती, बांधाकडं पाहत होती.

चुन्याची पोती आली. पाण्यात टाकली तसा फेस उसळला, सगळे मागं सरकले. पुन्हा टाकली. दुपार कलेपर्यंत धार बारीक होऊन थांबली, कारण टँकरच रिकामा झाला होता. पण बांध टिकला. पाझर तलावाच्या तोंडाशी बुडवलेली माझी पट्टी पिवळीच राहिली. रावसाहेबांच्या विहिरीत मात्र ती लाल झाली. विहिरीत तेजाब आधीच उतरलं होतं. मी पट्टी त्यांना दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, पाहिली आणि परत दिली.

मग माझं खरं काम सुरू झालं. टँकरच्या तळात उरलेल्या मालाचा, नाल्याचा आणि विहिरीचा नमुना घेतला. ड्रायव्हरला बाहेर आणलं. चाळिशीचा, बिहारकडचा माणूस, ओठ फुटलेला. त्यानं हवालदारासमोर कंपनीचं नाव सांगून टाकलं. लपवायची त्याची ताकदच उरली नव्हती. ते नाव ऐकल्यावर गर्दीतून जी कुजबुज उठली ती मला तेव्हा कळली नाही. नंतर कळली. गावातली बरीच पोरं त्याच कंपनीत होती.

“पंच म्हणून दोघं जण पाहिजेत,” मी म्हटलं. “जे पाहिलंत त्यावर सही करायची. कोर्टात बोलावलं तर यायचं.”

नेहमीचं सुरू झालं. पुढचे मागं झाले, मागचे घराकडं वळले. डबेवाला तरुण ट्रॅक्टर सोडायला जातो म्हणाला. बऱ्याच विनवण्या केल्यावर गावातला किराणा दुकानदार तयार झाला. दुसरा मिळेना. रावसाहेब पुढं आले, बाटल्यांवरची लाख पाहिली आणि म्हणाले, “कुठं करायची सही?”

एवढ्यात एक मोटारसायकल धूळ उडवत आली. कंपनीचा निळा शर्ट घातलेला, पंचविशीचा एक जण उतरला आणि सरळ आमच्यापाशी आला. तो रावसाहेबांचा मुलगा गणेश. रातपाळीला जोडूनच दिवसाची पाळी करून तसाच आला होता.

“आबा, सही करू नका.”

“कामून?”

“ह्या गाडीतला माल आमच्या कंपनीचा हाय.”

“ते मला ठाऊक झालंय. ड्रायव्हरनं सांगितलं.”

गणेशनं टँकरकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि आवाज खाली आणला. पण मी हातभर अंतरावर होते. “आबा, मीच भरली ही. रातपाळीला माझीच ड्युटी होती.”

रावसाहेबांनी त्याच्या निळ्या शर्टाकडं पाहिलं. “कुठं चालली म्हनून सांगितलं होतं तुला?”

“पुण्याकडं. असला माल जिथं घेतात तिथं.”

“मंग तुझा काय दोष?”

“दोष कोन पाहातंय? कंपनी बंद पडली तर मी जाईन, माझ्यासंगं गावातली समदी पोरं जातील. पुढल्या महिन्यात मला परमनंट करायलेत. एका म्हशीपायी हे करायलात तुमी?”

“म्हशीपायी नाय,” रावसाहेब म्हणाले. “सकाळी तुझी आय विहिरीवर गेली होती. घागर भरली, वास आला म्हनून फेकली. वास नसता आला तर?”

गर्दी आता पुन्हा जवळ आली होती, आणि ह्या वेळी ती माझ्या बाजूची नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, “रावसाहेब, इचार करा. नुकसानभरपाई मागू, ते देतील. पोरांच्या पोटावर कामून पाय देता?”

मलाही सांगणं भाग होतं. मी म्हटलं, “रावसाहेब, सही केलीत की ही गोष्ट तुमची होईल. वर्षानुवर्षं कोर्टात यावं लागेल. नाही केलीत तरी मी काही म्हणणार नाही.”

“तुमी काय म्हनताव ते नाय इचारलं मी,” ते म्हणाले. “मी नाय केली तर दुसरा कोन करनार हाय, ते दाखवा.”

त्यांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं. कुणी पुढं आलं नाही. त्यांनी सही केली. शाळेत शिकलेली, एकेक अक्षर सुटं काढलेली सही.

मी गणेशला बाजूला घेऊन म्हटलं, “तुम्ही आत्ता जे वडिलांना सांगितलंत ते जबाबात द्याल का? तुमचा दोष नाही, तुम्हाला खोटं सांगून भरायला लावलं.”

“मी काय बोललोच नाय,” तो म्हणाला, गाडीला किक मारली आणि निघून गेला. वडिलांकडं त्यानं वळूनही पाहिलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. अहवाल आला, कंपनीचं पाणी आणि वीज तोडण्याचा आदेश निघाला. आदेशाच्या खाली सही साहेबांची होती, पण प्रस्ताव माझा होता. आठ दिवसांत कंपनीचे कामगार आमच्या ऑफिसवर आले. घोषणा नव्हत्या, नुसतेच जिन्यात, व्हरांड्यात बसून राहिले. माझ्या खोलीत जायचं तर त्यांच्यामधून जावं लागायचं. एक जण म्हणाला, “मॅडम, नाला साफ झाला. आता आमच्या चुली कोन पेटवनार?” मी म्हटलं, यंत्रणा बसवली की कंपनी सुरू होईल. तो म्हणाला, “कधी?” ते मला सांगता येईना. गणेश भिंतीला टेकून त्यांच्यातच बसला होता.

ह्या नोकरीत मी कित्येक कारखान्यांना नोटिसा दिल्या, आणि त्यातली एकही मागं घ्यावी असं मला वाटलेलं नाही. पण ते व्हरांड्यात बसलेले लोक मनातून गेले नाहीत. घाण करायचं ठरवणारा माणूस माझ्या व्हरांड्यात कधीच येऊन बसला नाही. तो पुण्याला नाही तर मुंबईला असायचा आणि त्याचा वकील यायचा. धोरण आखताना ह्या लोकांचं काय करायचं ते कुणीतरी ठरवायला हवं होतं. ते अजूनही ठरवलेलं मला दिसत नाही.

काही महिन्यांनी कंपनीनं तेजाब निववायची यंत्रणा बसवली आणि ती पुन्हा सुरू झाली. नाल्यातली माती खणून त्यांच्याच खर्चानं नेली. पोरं कामावर गेली. गणेश परमनंट झाला आणि बायको-मुलीला घेऊन शहरात खोली करून राहू लागला. गावाकडं जाणं त्यानं सोडलं. गावानंही रावसाहेबांशी बोलणं कमी केलं होतं. मी विहिरीचे नमुने घ्यायला जायची तेव्हा ते एकटेच भेटायचे. विहिरीचा उपसा चालू असायचा. उपसायचं, पाणी भरू द्यायचं, पुन्हा उपसायचं. त्यांची बायको लांबच्या हापशावरून पाणी आणायची. तिनं मला कधी चहा दिल्याशिवाय सोडलं नाही, पण माझ्याशी बोलली नाही. एकदाच म्हणाली, “नातीला चालाया लागलेली पायली नाय मी.”

खटला कोर्टात रेंगाळत राहिला. मधे माझी बदली नांदेडला झाली, तारखेला तिथून यायची. रावसाहेब माझ्या आधी येऊन बाकावर बसलेले असायचे. बऱ्याचदा तारीख पुढं ढकलली जायची आणि आम्ही दोघं तसेच परत जायचो. जामिनावर सुटलेला ड्रायव्हर परत आलाच नाही. किराणा दुकानदार साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, सही माझी आहे, पण मी काही पाहिलं नाही, कोरा कागद होता. रावसाहेब ते ऐकत होते. नंतर त्यांच्या तोंडून त्याच्याबद्दल एक शब्द निघाला नाही.

रावसाहेबांची साक्ष झाली तेव्हा कंपनीच्या वकिलांनी त्यांना विचारलं, “औद्योगिक वसाहतीत तुमची जमीन गेली, त्याचा राग होता ना?” ते म्हणाले, “जमीन गेली त्याचे पैसे आले. राग नाय.” “म्हशीचे पैसे मागितले होते?” “नाय.” “का नाही मागितले?” “मला म्हैस नको होती. हे पुन्हा कुनी करू नये, एवढंच पायजे होतं.” वकील हसले, पण न्यायाधीश हसले नाहीत.

कंपनीचा बचाव सरळ होता. टँकर भाड्यानं फिरणारा, तो कुणाचाही माल घेतो, आमच्या गेटमधून त्या रात्री भरून निघालाच नाही. आणि ते तोडायला आमच्याकडं काही नव्हतं. ड्रायव्हर गेला, एक पंच फिरला, उरले रावसाहेब. पण त्यांनी टँकर नाल्यात पाहिलेला, गेटमध्ये नाही. गणेशचं नाल्यावरचं बोलणं आम्ही दोघांनी ऐकलं होतं, पण असलं ऐकीव कोर्टात टिकत नाही. बचावाचा साक्षीदार म्हणून कंपनीनं गणेशचं नाव दिलं. त्या पाळीला मालाच्या पंपावर तोच होता, आणि ज्याच्या वडिलांनी सही केली त्याच मुलाच्या तोंडून ‘टँकर भरला नाही’ हे वदवून घ्यायचं होतं. आमचे सरकारी वकील मला म्हणाले, “आज संपेल बघा.” कशा अर्थानं, ते मी विचारलं नाही.

गणेश पिंजऱ्यात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. रावसाहेब माझ्या शेजारी बसले होते, हात मांडीवर. मुलगा बऱ्याच काळानं त्यांच्यासमोर आला होता. त्यांची नजर जमिनीवर होती.

नाव, गाव, नोकरी विचारून झालं. मग कंपनीच्या वकिलांनी विचारलं, “त्या रात्रीच्या पाळीत तुम्ही तेजाबाचा एकही टँकर भरला नाही. बरोबर?”

गणेश बोलेना. वकिलांनी प्रश्न पुन्हा विचारला. भिंतीवरच्या पंख्याखाली कागद फडफडत होते, त्यावर शिरस्तेदारानं हात ठेवला.

“भरला,” गणेश म्हणाला.

“प्रश्न नीट ऐका.”

“ऐकला साहेब. एक टँकर भरला. मीच भरला. तोच आमच्या नाल्यात सापडला, मी जाऊन पायला.”

वकिलांनी हातातली फाइल खाली ठेवली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय ना? कुणी दबाव आणलाय का?”

“कळतंय साहेब. दबाव हितं यायच्या आधी होता. आता नाय.”

“आजपर्यंत का नाही सांगितलं?”

“नोकरी जाईल म्हनून,” एवढंच म्हणाला.

रावसाहेबांनी मान वर केली नव्हती. त्यांचे हात मात्र मांडीवरून बाकाच्या कडेवर आले होते आणि त्यांनी ती कडा घट्ट धरली होती.

निकाल पुढं बऱ्याच दिवसांनी लागला, तो सांगून टाकते. कंपनी दोषी ठरली, दंड झाला, एका अधिकाऱ्याला शिक्षा झाली. ते वरच्या कोर्टात गेले. मी निवृत्त झाले तोवर ते अपील तिथंच होतं. विहिरीचं पाणी शेतीला चालतं असा अहवाल मीच शेवटी दिला, पिऊ नका असंही लिहिलं. कोर्टाचा निकाल लागल्याचं रावसाहेबांना फोन करून सांगितलं तेव्हा ते “बरं झालं” म्हणाले आणि माझ्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली.

पण मला सांगायची आहे ती साक्षीच्या दिवशीची दुपार. आम्ही बाहेर आलो. कंपनीचे वकील आणि त्यांच्याबरोबरचे लोक आमच्या शेजारून निघून गेले. त्यातल्या एकानं गणेशकडं असं पाहिलं की उद्याचं काय ते त्याला तिथंच कळलं असणार. तो पायऱ्यांजवळ उभा राहिला. रावसाहेब चार पायऱ्या वर. दोघांपैकी कुणी पुढं होईना. मी मधे पडू नये असं वाटलं, म्हणून पर्स उघडून उगाच काही शोधत राहिले.

गणेश माझ्याकडं येऊन म्हणाला, “मॅडम, उद्या मला गेटवर घेनार नायत.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता. “कामगार आयुक्तांकडं तक्रार करता येईल. मी मदत करीन.”

रावसाहेब खाली उतरले. मुलाच्या समोर उभे राहिले. मला वाटलं शाबासकी देतील, किंवा इतके दिवस कुठं होतास म्हणून विचारतील.

ते म्हणाले, “म्या सही केली ती तुझ्या पोटावर. माझं काय जानार होतं? मला कुनी कामावरून काढनार नव्हतं. तू आज बोललास ते सोताच्या पोटावर. ते मला जमलं असतं का, सांगता येत नाय.”

गणेशनं मान खाली घातली. मग म्हणाला, “घरी काय सांगू, आबा? तिला अजून ठाऊक नाय.”

“तिला आन् पोरीला घेऊन गावाला ये,” रावसाहेब म्हणाले. “समद्यांच्या म्होरं मीच सांगतो.”